दिल्याने न घटणारे धन

विद्या दिल्याने वाढते, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. वक्तृत्व स्पर्धेत हे वाक्य हमखास येते आणि त्याला टाळ्याही मिळतात. परंतु एखाद्या शाळेचे, पतपेढीचे वा सामाजिक मंडळाचे कामकाज जवळून पाहिले, तर हा सुविचार व्यवहारात कितपत उतरला आहे याविषयी शंका येऊ लागते. इमारतीचा नकाशा एका माजी कार्यवाहांच्या कपाटात असतो. जमिनीच्या मोजणीचे कागद कोणत्या फाइलीत आहेत, हे केवळ एका कारकुनाला माहीत असते. कंत्राटदाराशी मागच्या खेपेला काय बोलणे झाले, कोणता ठराव का मंजूर झाला आणि कोणता का बारगळला, हे ज्यांना ठाऊक ते निवृत्त होतात, गाव सोडतात किंवा देवाघरी जातात. मग नवे कार्यकारी मंडळ तीच वाट पुन्हा चाचपडत चालू लागते. 'ते तेवढे त्यांनाच ठाऊक' असे आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो. त्या वाक्यात एका व्यक्तीचा गौरव होतो हे खरे. पण त्याच वाक्यात संस्थेच्या दारिद्र्याची कबुलीही दडलेली असते.

यामागे एक जुना नैतिक प्रश्न उभा आहे. भाकरी दुसऱ्याला दिली तर आपल्या ताटात अर्धीच उरते. म्हणून भाकरी देणे हा त्याग ठरतो. पण एखादी माहिती, एखादी पद्धत, एखादे कौशल्य दुसऱ्याला सांगितले तर आपल्याजवळचे तसूभरही कमी होत नाही. मग जे दिल्याने घटत नाही, ते राखून ठेवण्याचा अधिकार आपल्याला किती? संत ऑगस्टीन यांनी पंधराशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या एका ग्रंथाच्या आरंभीच हा विचार हाताळला आहे. न घटणारी वस्तू वाटून घेतल्याविना ती खऱ्या अर्थाने आपली होत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

हा प्रश्न आज केवळ तत्त्वचर्चेचा राहिलेला नाही. संस्थेचे दप्तर, इतिवृत्ते, नियमावल्या, चालू कामांची यादी आणि प्रत्येक कामाची जबाबदारी हे सारे एका अंतर्गत संकेतस्थळावर ठेवता येते. असे संकेतस्थळ उभारण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर जगातील अनोळखी माणसांनी लिहून सर्वांसाठी खुले ठेवलेले आहे. म्हणजे घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर आपण आधीच ऋणकरी आहोत. या ऋणाचे स्वरूप काय, आणि ते आपल्याला काय करायला सांगते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विसराळू प्रयोगशाळा

या विषयाचा उगम शोधू गेल्यास आपण जिनिव्हा शहराजवळ, स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवर वसलेल्या 'सर्न' या अणुसंशोधन संस्थेत जाऊन पोहोचतो. दुसऱ्या महायुद्धानंतर विस्कटलेल्या युरोपने १९५४ साली ही संस्था उभी केली. लष्करी संशोधनाशी संबंध ठेवायचा नाही आणि संशोधनाचे निष्कर्ष सर्वांना उपलब्ध करायचे, असे तिच्या स्थापनेच्या करारातच नमूद आहे. भारत २०१७ पासून या संस्थेचा सहयोगी सदस्य आहे आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ तिच्या प्रयोगांत सहभागी असतात.

१९८० च्या दशकात सर्नला एका विचित्र व्याधीने ग्रासले होते. तेथे हजारो माणसे येत आणि काम करून आपापल्या विद्यापीठांत परतत. साधारण दोन वर्षे हा मुक्कामाचा नेहमीचा काळ. नवा माणूस रुळेपर्यंत जाणता माणूस निघून गेलेला असे. कोणते यंत्र कोणी जुळवले, कोणती आज्ञावली कशावर अवलंबून आहे, हे कळण्याचा मार्ग म्हणजे उपाहारगृहात चहा पिताना योग्य माणूस भेटणे! कागदपत्रे नव्हती असे नाही. ती विपुल होती. परंतु प्रत्येक विभागाचा संगणक वेगळा, प्रत्येकाची मांडणी वेगळी. कोठे झाडाच्या फांद्यांसारखी उतरंड होती, तर कोठे विषयवार शब्दांची सूची होती. आणि दोन माणसे एकाच विषयाला एकच शब्द योजतील याची खात्री नव्हती.

मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली या इंग्रज अभियंत्याने यावर उपाय सुचविणारे एक टिपण आपल्या वरिष्ठांना सादर केले. उतरंड नको, सूची नको. कोणत्याही कागदातून कोणत्याही दुसऱ्या कागदाकडे जाता यावे असे धागे विणावेत, अशी ती कल्पना. त्यांचे वरिष्ठ माइक सेंडॉल यांनी त्या टिपणावर कल्पना संदिग्ध पण रोमहर्षक असल्याचा शेरा मारला, आणि पुढे काम करू दिले. नोकरशाहीच्या इतिहासात इतका फलदायी शेरा क्वचितच मारला गेला असेल. १९९० च्या अखेरीस पहिले संकेतस्थळ सर्नच्या एका संगणकावर सुरू झाले. सर्नच्या कर्मचाऱ्यांना त्याचा पहिला खरा उपयोग पटला तो संस्थेच्या दूरध्वनी निर्देशिकेसाठी.

आज सारे जग ज्याला 'वेब' म्हणते त्याचा जन्म असा झाला. तो ना व्यापारासाठी झाला, ना करमणुकीसाठी. एका संस्थेची कागदपत्रे आणि प्रकल्प विस्मृतीत जाऊ नयेत, एवढ्या माफक हेतूने तो झाला. अंतर्गत दप्तराचे संकेतस्थळ ही वेबची एक किरकोळ शाखा नसून तेच तिचे मूळ घर आहे.

दोन सह्यांचा कागद

पुढे जे घडले ते नीतीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. त्याच सुमारास अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 'गोफर' नावाची एक दुसरी पद्धत निर्माण झाली होती. आरंभी तिचा प्रसार वेबपेक्षाही वेगाने होत होता. १९९३ च्या आरंभी त्या विद्यापीठाने काही वापरकर्त्यांकडून परवाना शुल्क घेण्याचे जाहीर केले. विद्यापीठाची मागणी अन्यायाची होती असे म्हणता येणार नाही. माणसे राबली होती, पैसा खर्च झाला होता. तथापि लोकांच्या मनात शंका शिरली. आज शुल्क थोडे आहे, उद्या किती होईल? आज परवानगी आहे, उद्या असेल का? हळूहळू गोफर मागे पडले.

बर्नर्स-ली यांनी हे पाहिले आणि सर्नच्या व्यवस्थापनाकडे आग्रह धरला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नच्या दोन संचालकांनी एका साध्या कागदावर सह्या केल्या आणि वेबच्या मूळ आज्ञावलीवरील संस्थेचे सर्व हक्क सोडून दिले. कोणीही ती वापरावी, बदलावी, पुढे द्यावी. मोबदला नाही, अट नाही.

येथे कोणी म्हणेल की हे औदार्य नव्हे, धोरण होते. शुल्क लावले असते तर वेबही गोफरच्या वाटेने गेले असते. असेलही. पण सत्कृत्याचा परिणाम चांगला झाला म्हणून ते सत्कृत्य राहत नाही, असे मानण्याचे कारण नाही. बी मुठीत धरून ठेवले तर ते सुरक्षित राहते आणि वाया जाते. शेतकरी ते मातीत टाकतो तेव्हा तो धोरणी असतो आणि विश्वासूही. काही वस्तूंचा स्वभावच असा असतो की त्या सोडल्याशिवाय फळत नाहीत. त्यांचा स्वभाव ओळखणे हा विवेकाचा भाग आहे.

फुकट आणि मुक्त

इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द फुकटसाठीही वापरतात आणि मुक्तसाठीही, त्यामुळे त्या भाषेत या विषयावर बराच गोंधळ माजला. आपली मराठी या बाबतीत भाग्यवान आहे. फुकट म्हणजे ज्याला मोल पडत नाही ते; मुक्त म्हणजे ज्याला बंधन नाही ते. प्रदर्शनात वाटलेली थैली फुकट असते. सार्वजनिक विहिरीचे पाणी मुक्त असते, पण दोर आणि पोहरा ज्याचा त्याने आणायचा असतो, आणि गाळ सर्वांनी मिळून उपसायचा असतो.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीला वैचारिक बैठक दिली ती रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी. १९८० च्या सुमारास ते मॅसॅच्युसेट्स येथील एका प्रयोगशाळेत काम करीत होते. तेथील छपाईयंत्रात कागद वारंवार अडके. जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत त्यांनी अशी सुधारणा केली होती की कागद अडकला की संबंधितांना संगणकावर निरोप जाई. नवे यंत्र आले, पण त्याची मूळ आज्ञावली मिळेना. ज्या संशोधकाजवळ ती होती त्याने देण्यास नकार दिला, कारण ती कोणालाही न देण्याच्या करारावर त्याने सही केली होती. स्टॉलमन यांना हा नकार फार लागला. पुढे १९८३ साली त्यांनी संपूर्णपणे मुक्त अशी संगणकप्रणाली घडविण्याचा संकल्प जाहीर केला, आणि १९८९ साली मुक्ततेचे कायदेशीर रक्षण करणारा परवाना सिद्ध केला. वापरा, अभ्यासा, बदला, वाटा. परंतु वाटताना पुढच्यालाही हेच स्वातंत्र्य द्या, असे त्याचे सार आहे.

छपाईयंत्राच्या प्रसंगात त्या संशोधकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्याने शब्द दिला होता आणि दिलेला शब्द पाळणे हे पाप नव्हे. स्टॉलमन यांचा आक्षेप एक पाऊल अलीकडचा आहे. गरजू शेजाऱ्याला मदत करणार नाही, असा शब्द मुळात द्यावाच का? हा प्रश्न प्रामाणिक माणसाला अस्वस्थ करणारा आहे. प्रत्येक गुप्ततेचा करार अनीतीचा असतो असे मला वाटत नाही. परंतु सही करण्याच्या क्षणी, या सहीमुळे मी उद्या कोणाला नाही म्हणणार आहे, असे स्वतःला विचारण्याची सवय आपण गमावली आहे, हे मात्र निश्चित.

याच ठिकाणी एका सोयीस्कर गैरसमजाचाही निरास केला पाहिजे. विकत घ्यावयाच्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत कार्यालयात बसवून 'ज्ञान सर्वांचे आहे' असे म्हणणे म्हणजे मुक्तता नव्हे. ज्याने जी अट घालून वस्तू बाजारात आणली ती अट पटत नसेल तर ती वस्तू न घेण्याचे स्वातंत्र्य आपल्याला असते. मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना स्वतःच लेखनहक्काच्या कायद्यावर उभा आहे. शिवाय मुक्त पर्याय हाताशी असताना चोरी करण्याला गरजेचे निमित्तही उरत नाही. आपल्या शाळांत मुलांना प्रामाणिकपणाचे धडे ज्या संगणकावर टंकलिखित होतात, तो संगणक तरी प्रामाणिक असावा.

प्रत्येक बदलाची स्मृती

बर्नर्स-ली यांनी बनविलेल्या पहिल्या आज्ञावलीत वाचणे आणि लिहिणे दोन्ही होते. पुढे लोकप्रिय झालेल्या आज्ञावल्यांत वाचणे तेवढे उरले. मार्च १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन अभियंत्याने 'विकी' नावाची पद्धत सुरू करून वाचकाच्या हाती पुन्हा लेखणी दिली. हा शब्द हवाई बेटांच्या भाषेतला, अर्थ 'झटपट'. ज्याला पानात चूक दिसेल त्यानेच ती दुरुस्त करावी, ही कल्पना ऐकायला अविचारी वाटते. पण २००१ साली तिच्यावर विकिपीडिया उभा राहिला, आणि विकिपीडियासाठी लिहिले गेलेले 'मीडियाविकी' हे सॉफ्टवेअर आज कोणतीही संस्था आपल्या घरगुती दप्तरासाठी वापरू शकते. मराठी विकिपीडियाही त्याच्यावरच चालतो, आणि त्यातील सूचनांचे मराठीकरण स्वयंसेवकांनी केले आहे. कामांची वाटणी आणि मुदत सांभाळण्यासाठी २००६ साली आलेल्या 'रेडमाइन'सारखी मुक्त सॉफ्टवेअरे आहेत. त्यांत प्रत्येक कामाला क्रमांक मिळतो, ते कोणाकडे आहे आणि कोठवर आले आहे ते सर्वांना दिसते.

या साधनांतील एक गुण मला नैतिकदृष्ट्या विशेष वाटतो. विकीच्या पानात केलेला प्रत्येक बदल, बदलणाऱ्याच्या नावासह आणि वेळेसह जतन होतो. जुना मजकूर केव्हाही परत आणता येतो. यामुळे दोन गोष्टी साधतात. पहिली, कोणी गुपचूप ठराव फिरवू शकत नाही. दुसरी, नवखा माणूस लिहायला धजतो, कारण त्याच्या हातून चूक झाली तरी ती भरून निघणारी असते. जेथे चूक सुधारता येत नाही तेथे माणसे भिऊन गप्प बसतात. जेथे चूक लपवता येते तेथे ती निर्ढावतात. चूक दिसावी आणि सुधारताही यावी, अशी व्यवस्था माणसाला मोठे करणारी असते.

अर्थात हीच स्मृती निष्ठुरही होऊ शकते. कोणाची कामे किती दिवस रखडली, हे फलकावर लागलेले असते. पण त्याची आई त्या महिन्यात रुग्णालयात होती हे फलकावर येत नाही. नोंद खरी असूनही न्याय अपुरा राहतो. म्हणून अशा संकेतस्थळाचा कारभार पाहणाऱ्याने आकडे वाचण्यापूर्वी माणूस वाचावा. कामाची यादी सहकाऱ्याला मदत करण्यासाठी आहे की त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी, हे सॉफ्टवेअर ठरवीत नाही. ते आपण ठरवितो.

काय झाकावे?

मग सारेच उघडे करावे काय? येथे नैतिक ईशज्ञानाच्या जुन्या पाठ्यपुस्तकांतील एक वर्गीकरण उपयोगी पडते. गुपिताचे तीन प्रकार तेथे सांगितलेले असत. पहिले नैसर्गिक गुपित : जे उघड केल्याने कोणाचे तरी नुकसान वा बदनामी होईल, ते वचन दिलेले नसले तरी राखले पाहिजे. दुसरे वचनाचे गुपित : कळल्यानंतर न सांगण्याचा शब्द दिला म्हणून राखावयाचे. तिसरे विश्वासाने सोपविलेले गुपित : गुप्तता राखली जाईल या भरवशावरच जे सांगितले गेले, जसे रुग्णाने डॉक्टरला किंवा अशिलाने वकिलाला. हे तिसरे सर्वांत बंधनकारक.

संस्थेच्या दप्तराला हे वर्गीकरण लावून पाहावे. विद्यार्थ्याच्या घरची परिस्थिती, कर्जदाराची अडचण, कर्मचाऱ्याचे आजारपण ही नैसर्गिक वा सोपविलेली गुपिते आहेत. ती मोजक्याच माणसांना दिसली पाहिजेत. येथे साधनाचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. मीडियाविकीची घडण मुळात मोकळ्या वाचनासाठी झाली आहे. एकेक पान निवडून झाकण्यासाठी ती केलेली नाही. म्हणून असे कागद तेथे ठेवूच नयेत. रेडमाइनमध्ये भूमिकेनुसार अधिकार वाटून देता येतात. पण ठरावाची कारणे, खर्चाचे अंदाज, कामाच्या पद्धती, झालेल्या चुका आणि त्यांवरचे उपाय, हे यांपैकी कोणत्या प्रकारचे गुपित आहे? बहुतेक वेळा कोणत्याच नाही. ते केवळ सवयीने किंवा सत्तेसाठी झाकलेले असते. माहिती अडवून धरणाऱ्याभोवती माणसांना घुटमळावे लागते, आणि ते घुटमळणे त्याला मान वाटू लागते.

ज्यांचा व्यवसायच गुप्ततेचा, त्यांनाही हा धडा शिकावा लागला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या अमेरिकन आयोगाने २००४ साली दाखवून दिले की माहितीचे तुकडे वेगवेगळ्या यंत्रणांजवळ होते, पण ते एकत्र आलेच नाहीत. त्यानंतर २००६ साली अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांनी 'इंटेलिपीडिया' हे अंतर्गत संकेतस्थळ जाहीर केले. त्यासाठी त्यांनी निवडलेले सॉफ्टवेअर होते सर्वांना खुले असलेले मीडियाविकी. मात्र तेथे निनावी लेखनाला वाव ठेवला नाही. जे लिहाल ते नावानिशी. हेरांच्या जगाला जे जमले ते आपल्या सहकारी संस्थांना अशक्य असावे, असे मानता येत नाही.

राबणाऱ्याचे काय?

आता सर्वांत कठीण आक्षेप. ज्ञान दिल्याने घटत नाही हे खरे, पण ते निर्माण करताना माणूस घटतो. त्याचा वेळ जातो, डोळे शिणतात, संसार चालवावा लागतो. मुक्ततेच्या नावाखाली आपण दुसऱ्याच्या घामावर फुकट जगत नाही ना?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मालमत्तेविषयी विवेचन करताना एक मार्मिक भेद केला. वस्तू मिळविणे, सांभाळणे आणि तिचे वाटप करणे यांसाठी ती एकेकाच्या मालकीची असणे योग्य, कारण जे सर्वांचे असते त्याची काळजी कोणीच घेत नाही. पण वापराच्या बाबतीत माणसाने ती सर्वांची समजावी. मुक्त सॉफ्टवेअरची रचना या भेदाशी आश्चर्यकारक रीतीने जुळते. त्याचा वापर सर्वांचा असतो, परंतु देखभालीची जबाबदारी ठराविक व्यक्तींनी घेतलेली असते. आणि जेथे ती जबाबदारी कोणी उचलत नाही, तेथे थॉमस यांनी वर्तविलेला धोका खरा ठरतो.

एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघडकीस आला तेव्हा जगाला हे प्रकर्षाने जाणवले. 'ओपनएसएसएल' या मुक्त सॉफ्टवेअरवर जगातील असंख्य संकेतस्थळांची सुरक्षितता, त्यांत बँकांचीही, अवलंबून होती. आणि त्याचे काम पूर्णवेळ पाहणारा माणूस होता केवळ एक. देणग्या वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर मिळत. २०१२ साली शिरलेला दोष दोन वर्षे कोणाच्या लक्षात आला नाही. २०२४ साली याहून भयंकर प्रकार थोडक्यात टळला. 'एक्सझेड' नावाचे एक लहानसे मुक्त सॉफ्टवेअर एक माणूस विनावेतन, फावल्या वेळात सांभाळीत होता. मदतनीस म्हणून आलेल्या एका तोतयाने दोनेक वर्षे त्याचा विश्वास संपादन केला आणि शेवटी त्यात चोरवाट बसविली. संगणकात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतो, याचा छडा लावणाऱ्या एका अभियंत्यामुळे ती मार्च महिन्यात उघड झाली. मूळ आज्ञावली सर्वांना पाहण्यास खुली होती म्हणून छडा लागला. पण एकटा माणूस एकटाच राहिला होता म्हणून तोतयाला शिरकाव मिळाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

यावरून निष्कर्ष असा निघतो की मुक्त दानाने कर्तव्य संपत नाही, तर ते देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे सरकते. विकत घेतलेल्या वस्तूचे बिल चुकते केले की व्यवहार मिटतो. दान मिळालेल्या वस्तूचा व्यवहार मिटत नाही. तेथे कृतज्ञता सुरू होते. एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या संस्थेने स्वतःच्या अंतर्गत उपयोगासाठी सुधारणा केली, तर ती जाहीर करण्याचे बंधन स्टॉलमन यांचा तो परवाना घालीत नाही. कायदा तेथे मौन पाळतो. पण ज्याला विहीर आयती मिळाली, त्याने आपण उपसलेल्या गाळाची माती तरी बांधावर टाकावी, हे सांगायला कायदा कशाला हवा? दोष आढळला तर कळवावा, मराठीत मार्गदर्शन लिहून ठेवावे, तांत्रिक ज्ञान असलेल्यांनी वेळ द्यावा आणि ज्या संस्थेचे परवान्याचे पैसे वाचतात तिने त्यांतील काही भाग देखभाल करणाऱ्यांकडे पाठवावा. हे धर्मादाय नव्हे. हे न्यायाच्या अगदी शेजारचे कर्तव्य आहे.

सर्नचा पुढील प्रवास येथे बोलका आहे. सभा आणि परिषदांची व्यवस्था पाहण्यासाठी तेथे घडविलेले 'इंडिको' हे सॉफ्टवेअर २००४ पासून वापरात आहे आणि जगाला खुले आहे. २०१९ साली एका मोठ्या कंपनीने सर्नला शैक्षणिक संस्था म्हणून मिळणारी सवलत काढून घेतली आणि परवाना शुल्क दहा पटींहून अधिक वाढणार असे दिसू लागले. तेव्हा मुक्त पर्यायांचा शोध घेण्याची मोहीम संस्थेने जाहीर केली. ज्या संस्थेने जगाला वेब दिली, तिलाही परावलंबनाची किंमत मोजावी लागते, तर आपली कथा काय? आपले दप्तर दुसऱ्याच्या कुलपात असेल तर किल्लीचे भाडे तो ठरवील, यात नवल नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ साली 'चेंतेसिमुस आन्नुस' या परिपत्रकात लक्ष वेधले होते की आपल्या काळात जमिनीइतकीच महत्त्वाची अशी एक नवी मालमत्ता उदयास आली आहे : ज्ञान, तंत्र आणि कौशल्य यांची. जमिनीविषयी आपण शतकानुशतके भांडलो. कूळ कोण, मालक कोण, वाट कोणाची, पाणी कोणाचे, याचे नियम करताना पिढ्या खर्ची पडल्या. या नव्या मालमत्तेविषयीचे आपले नीतिनियम अजून घडत आहेत, आणि ते मोठ्या परिषदांत जितके घडतात तितकेच आपल्या लहानशा कार्यालयांतही घडतात.

म्हणून ज्यांच्या हाती एखाद्या संस्थेचा कारभार आहे त्यांच्यापुढे हा विचार ठेवावासा वाटतो. संकेतस्थळ उभारणे हे गावातील एखादा होतकरू तरुण महिन्याभरात करू शकेल. एक साधा संगणक आणि थोडी चिकाटी पुरेशी आहे. अवघड काम पुढचे आहे. आपल्याला एकट्याला जे ठाऊक आहे ते दुसऱ्याला समजेल अशा भाषेत लिहून काढणे, त्यात आपल्या निर्णयांची कारणेही नोंदविणे, आणि उद्या आपल्याशिवाय हे काम अडणार नाही ही जाणीव आनंदाने स्वीकारणे. माणसाला आपल्यावाचून अडावे असे वाटते. हा मोह संगणकाने जात नाही. तो ज्याने जिंकला त्याच्यामागे येणाऱ्याला वाट चाचपडावी लागत नाही, आणि संस्थेच्या दृष्टीने निवृत्तीच्या दिवशी द्यावयाचा याहून मोठा निरोप दुसरा नाही.